कंडक्टरकाकांची बिनतिखट मिरची

"पुढं सरका, पुढं सरका! मागं जागा हाय की!" असा पुकारा सकाळी गच्चीवरून आला, की समजायचं, आमच्या वरच्या मजल्यावरचे कंडक्टरकाका मिरच्यांना पाणी घालतायत. जयसिंगपूरच्या गाडीवर जन्म काढलेला हा माणूस नव्वद सालच्या सुमाराला रिटायर झाला आणि पन्नास सीटच्या गाडीत शंभर माणसं कोंबायची विद्या त्यानं शाहूपुरीतल्या इवल्याशा गच्चीवर लावली. कान तुटलेले कप, श्रीखंडाचे डबे, फुटके तांबे, आणि प्रत्येकात एकच रोप.

"कपात झाड वाढंल काय हो काका?" मी एकदा विचारलं.

"वाढून काय कुस्ती करायचीया त्याला? चार मिरच्या आल्या, बी मिळालं, बास!"

काकांना हवी होती रंगानं आणि वासानं संकेश्वरी, पण ढबू मिरचीसारखी अजिबात न झोंबणारी मिरची. कोल्हापुरात बिनतिखट मिरची! गल्ली पोट धरून हसली. काका ढिम्म. संकेश्वरीची कळी उमलायच्या आत चिमट्यानं तिचे केसर काढायचे, ढबूच्या फुलातले पराग लावायचे आणि खुणेला लाल दोरा बांधायचा. पाच कळ्या, पाच दोरे.

ते दोरे आमच्या आईनं बघितले. काकूंच्या तोंडात सारखे फोड यायचे, डॉक्टरांनी तिखट कायमचं बंद केलेलं. आईला वाटलं, काकांनी बायकोसाठी नवस बोललाय. झालं! माउलीनं हात जोडून गच्चीवरच्या एकूण एक फुलाला लाल दोरा बांधला.

काकांनी कपाळाला हात लावला. आता आईचा उद्धार होणार म्हणून मी जिन्यातच थांबलो. पण ते एवढंच म्हणाले, "वहिनी, तुमची माया लई. पर आता तिकीट कुणी काढलंय आनि फुकट कोण बसलंय, मी वळखू कसं?"

मग प्रत्येक मिरचीचं बी वेगळ्या कपात लावणं आलं. गच्ची भरली, जिना भरला, आमच्या खिडक्याही गेल्या. पहिल्या वर्षी ढबूसारख्या फुगीर मिरच्यांची, म्हणजे तिकीट काढलेली, झाडं तेवढी ठेवली. त्यांच्या बियांपासून पुढं दरवर्षी नवी रोपं, आणि काका स्वतः एकेक मिरची चावून बघणार. झोंबली की "उतरा खाली!" म्हणून रोप उपटायचं आणि वर तांब्याभर ताक. वासाला कमी पडली तीही खाली. असं सात वर्षं चाललं होतं. आम्ही हसायचं कधी सोडलं, आठवत नाही.

त्या सात वर्षांत काकू स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून एकट्याच दहीभात खायच्या. शेजारी कुणी बसलेलं त्यांना खपायचं नाही. एके काळी त्यांच्या तांबड्या रश्श्यासाठी कोडोलीचे पावणे मुक्काम वाढवायचे.

शेवटी एका रविवारी चाळीस कपांतल्या मिरच्या वाळवून, कुटून काकूंनीच रस्सा केला. आम्हाला बोलावणं होतंच. रंग असा लालभडक, की जगात दुसरीकडं दाखवा! माझी तर छाती फुगली, जशी काय मीच ती मिरची काढलेली.

काकूंनी वाटी तोंडाला लावली. काका पळी घेऊन उभेच. पहिली वाटी संपली, काकूंनी परत पुढं केली. दुसरीही संपली.

"हुबं काय ऱ्हायलाय?" काकू पाटावर जरा सरकल्या. "बसा की जेवायला. जागा हाय."

सात वर्षांनी काका त्यांच्या शेजारी जेवायला बसले.