आयत अधिक त्रिकोण

शिपाई 'उद्या सुट्टी' अशी नोटीस घेऊन आला की आमची सगळी स्टाफरूम खूश व्हायची. खांबेटे सर तेवढे विचारायचे, "कशावरून?"

डोंबिवलीतल्या त्या शाळेत आम्ही दोघं विज्ञान शिकवायचो. या माणसाने जन्मात एक सूत्र फुकट वापरलं नाही. गणितातली धावती बस थांब्यापाशी आली, तिथून तिने एकसमान त्वरण घेतलं, की सर आधी फळ्यावर वेग-काळाचा आलेख काढणार. रेषेखालचा आयत म्हणजे यूटी, त्यावरचा त्रिकोण म्हणजे अर्धा एटी वर्ग, दोन्ही मिळून कापलेलं अंतर. मग हात झटकून म्हणायचे, "आता वापरा. आता ते तुमचं झालं." तोवर तास संपलेला. बस तिथेच.

"अहो, परीक्षेला घड्याळ असतं," मी म्हणायचो.

"मग तुम्ही घड्याळापुरतं शिकवा, कुलकर्णी. मी जन्मभराचं शिकवतो."

माझं डोकं फिरायचं. शेवटी नव्वदच्या आसपास मी शाळा सोडली आणि रामनगरात क्लास काढला. सूत्रं चौकटीत छापून द्यायची, पाठ करून घ्यायची, आकडे घालायचे. मुलांना बसायला जागा पुरेना. रस्त्यात भेटले की सर माझ्याकडे खाटकाकडे बघावं तसे बघायचे. खोटं कशाला बोलू, मला ते लागायचं.

मग एका जानेवारीत सर क्लासच्या दारात उभे. सोबत दहावीतली त्यांची नीला, आईविना वाढलेली. तिला सायन्सला जायचं होतं. सरांनी तिचा प्रिलिमचा पेपर माझ्यापुढे धरला. लिहिलेलं सगळं बरोबर, एकूण एक सूत्र मुळापासून काढलेलं, आणि निम्मा पेपर कोरा.

"हिला नुसती सूत्रं द्या," सर म्हणाले. "सिद्धता नको. बोर्डाला दोन महिने राहिलेत."

इतकी वर्षं मी हेच ऐकायला टपलो होतो. ऐकलं आणि तोंड कडू झालं.

"सर, तुमची पद्धत काही चुकीची..."

त्यांनी हातानेच मला थांबवलं. मुलीकडे न बघता म्हणाले, "आता हे सांगतील तसंच लिहायचं. घरी मला काही विचारायचं नाही."

नीला मान खाली घालून आत जाऊन बसली. सर जिना उतरून गेले. त्यांच्या घरात माणसं दोनच, आणि त्या दोघांना बोलायला विषय तेवढा एकच होता.