पत्नीचा रकाना

कुटुंबस्वास्थ्य कार्यालयाने विवाहितांचा आत्मसन्मान आणि समाधान मोजायला घेतले, तेव्हा पहिला अर्ज भांडार विभागाच्या हेडक्लार्कांनी भरला. त्यांचे लग्न एकवीस वर्षांचे होते आणि भांडारातल्या खुर्च्यांप्रमाणेच तेही सुस्थितीत असल्याची त्यांची खात्री होती.

पाहणीला आलेल्या बाईंनी विचारले, "स्वतःचा अभिमान वाटतो?"

"वाटतो ना. हिलाही वाटतो."

"स्वतःचा?"

"माझा!"

"साहेब, त्यांचं उत्तर त्यांनी द्यायचंय."

बायको ओल्या हातांनी दारात आली. "यांनी सांगितलंय ना? मग तेच लिहा. आत दूध उतू जातंय."

निकाल लागला. आत्मसन्मान : पती शहाण्णव, पत्नी चार. समाधान : दोघांचेही शंभर. यावरून कार्यालयाने निष्कर्ष काढला, की दोघांचा आत्मसन्मान मिळून शंभर भरला म्हणजे झाले. वाटणी कशीही चालते. हेडक्लार्कांचे दांपत्य आदर्श ठरले.

सत्काराला जाताना त्यांनी बायकोला तीनदा बजावले, "काही विचारलं तर 'सगळं यांच्यामुळे' एवढंच म्हण."

ती तेवढेच म्हणाली. टाळ्या पडल्या. पण संचालकांना कार्यक्रम लांबवायची हौस. "सगळं म्हणजे काय काय, वहिनी?"

हे तिला आजवर कोणी विचारले नव्हते. तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "प्रयोगशाळेतली नोकरी सोडली, ती यांच्यामुळे. बहिणीकडे जाणं बंद झालं, तेही. चारचौघांत बोलणं सोडलं..." ती थबकली. "अगं बाई! बोलतेय की मी!"

बायकांच्या रांगांत हशा पिकला. हेडक्लार्कांनी मानपत्र तोंडासमोर धरले.

"माझी पार शोभा केलीस," ते रस्त्यात म्हणाले.

"शहाण्णवातले थोडे गेले. उरलेले पुरतील तुम्हाला."

पुढच्याच आठवड्यात ती प्रयोगशाळेत जाऊन अर्धवेळ काम मागून आली. घरात वाद होऊ लागले. त्यांतले काही तीही जिंकू लागली. फेरपाहणीत तिचा आत्मसन्मान साठ भरला आणि समाधान दोघांचेही चाळिसावर आले.

कार्यालय हादरले. चौकशी समिती बसली आणि तीन बैठकांत दोष सापडला : अर्जातला पत्नीचा रकाना. तो तत्काळ काढण्यात आला. आता पतीची सही पुरते आणि समाधानाचे प्रमाण सर्वत्र शंभर टक्के आहे.

तुमचेही घर त्यात धरलेले आहे. "आमच्याकडे नाही हो असलं काही," असे हे वाचता वाचता ज्यांनी म्हटले, त्यांनी ते घरात कोणाला विचारून म्हटले, याची चौकशी कार्यालय करणार नाही.