नानांचा अन्नत्याग

माझ्यासारखा गुप्तहेर शोधून सापडणार नाही. गुप्तहेराने सापडूही नये. पोटासाठी मी मत्स्यालयात समुद्री जीव सांभाळतो. टाक्यांच्या काचा घासतो, पाण्यातलं मीठ मोजतो, बांगडे कापतो. पण खरा पिंड शोधाचा. मागे हरवलेला चष्मा मी एकट्याने खेकड्यांच्या टाकीतून शोधून काढला होता. तो माझाच होता, पण म्हणून शोधाची किंमत कमी होत नाही.

तर प्रकरण नानांचं. नाना म्हणजे मोठ्या टाकीतला म्हातारा गोबरा मासा. जाड ओठ, खाली वळलेलं तोंड, चेहरा कायम रुसलेल्या जावयासारखा. बोटाएवढे होते तेव्हापासून मी त्यांना भरवलंय. त्या नानांनी एकाएकी अन्न सोडलं आणि खडकाच्या कपारीत जाऊन बसले.

मी लगेच टाकीभोवती दोरी बांधली. घटनास्थळी माझ्याशिवाय कोणी फिरकायचं नाही, असा हुकूम सोडला आणि रोज दिवसभर स्वतः पहाऱ्याला उभा राहिलो. तरी नाना बाहेर येईनात. शेवटी आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणाल्या, "उद्या माझ्यासमोर खाल्लं नाही, तर दूरच्या मोठ्या मत्स्यालयात पाठवते. गाडी सांगितलीय." या वयात तेवढा प्रवास नानांना झेपला नसता.

माझा मेहुणा माझ्याच हाताखाली कामाला आहे. त्याला मी संशयित दाखवला. शेजारच्या कपारीतला सापासारखा वाम मासा.

"बघ, सारखा तोंड उघडतोय, मिटतोय. गुन्हा कबूल करायचाय, पण शब्द फुटत नाहीत."

"दाजी, तो श्वास घेतोय."

तरी वामाला दुसऱ्या टाकीत हलवलं. नाना हलले नाहीत.

"मग प्रेमभंग," मी म्हणालो. "पलीकडच्या टाकीत ती ठिपकेवाली आहे ना, तिच्याकडेच तोंड करून बसलेत."

"ती दगड आहे, दाजी."

"म्हणूनच तर भंग."

मी काचेला नाक लावलं. नानांनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी आत सरकले. साक्षीदार मला बघून दबतोय, म्हणजे त्याच्यावर कोणाचा तरी दबाव आहे. कोणाचा, तेवढंच शोधायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी गाडी येऊन उभी राहिली. मोठ्या बाई आल्या. मी चिमट्यात नानांच्या आवडीचं माकूळ धरून विनवण्या केल्या. नानांची शेपटीसुद्धा दिसेना. तेवढ्यात आमची ही माझा डबा घेऊन आली. घटकाभर तिने टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही जरा पंपाच्या खोलीत जा बघू."

"मी तपास करतोय."

"तिकडे जाऊन करा."

गेलो. लगेच बाहेर बाईंचा हसण्याचा आवाज आला. धावत आलो, तर नाना कपारीत. पुन्हा गेलो, पुन्हा हसणं. दाराच्या फटीतून पाहिलं, तर नाना मेहुण्याच्या हातचं माकूळ गपागप गिळत होते.

"गेल्या आठवड्यात डॉक्टर सुई टोचायला आले, तेव्हा नानांना जाळ्यात कोणी धरलं होतं?" हिने विचारलं.

"दाजींनी," मेहुणा म्हणाला. "ज्याने भरवायचं त्याने जाळं धरायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. पण दाजी म्हणाले, एवढी नाजूक अटक दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

"आणि तेव्हापासून तेच समोर उभे. काय करील तो जीव?"

गाडी रिकामी परत गेली. मोठ्या बाईंनी माझी बदली जेलीफिशच्या टाकीवर केली. त्यांना मेंदूच नसतो, त्यामुळे ते कोणाचा राग धरत नाहीत.

नाना आता रोज जेवतात. त्या वेळी मी पंपाच्या खोलीच्या दाराआड उभा असतो. काल त्यांनी एक घास जास्त मागितला. ते नीट बघायला मी मान थोडी पुढे काढली.

"दाजी, मागे सरा," मेहुणा हळूच म्हणाला. "दिसताय त्यांना."

मी सरकलो. जेवू देत पोटभर.