चांगुणाआक्कांची शाल

एका जंगलात, बाळांनो, गरम होतंय असं म्हटलं की शाल मिळायची.

तिथे चांगुणा नावाची वानरीण होती. उन्हाळ्यात दरीच्या अलीकडचं पाणी आटलं की वानरांची टोळी उड्या मारून दरीपलीकडे जाई. सगळ्यांत पुढे चांगुणा असे.

एका वर्षी तिची मासिक पाळी कायमची थांबली. अंगातून एकदम वाफा निघू लागल्या. झोप उडाली. साध्या फांदीवरून घसरली, तर मनगटाचं हाडच मोडलं.

ती टोळीप्रमुख हुप्पेरावांकडे गेली. "भाऊ, अंगाची आग होते. हाडं ठिसूळ झालीत. दरी कशी ओलांडू?"

"आक्का, वय झालं!" हुप्पेराव प्रेमाने म्हणाले. "आता तुम्ही फक्त आशीर्वाद द्यायचे." त्यांनी सभा बोलावली आणि तिला शाल-श्रीफळ दिलं. शाल लोकरीची. महिना चैत्राचा.

सभेत मुंगूस जातीची एक डॉक्टरीण बसली होती. ती उठून म्हणाली, "शरीरात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक असतं. ते फक्त पिलांसाठी नसतं. हाडं, रक्तवाहिन्या, झोप, मन, सगळ्यांना ते लागतं. पाळी गेली की ते फार कमी होतं. आक्कांची हाडं तपासा, योग्य ते औषध द्या. त्या पुन्हा उडी मारतील!"

सभेला खोकला आला.

"असले शब्द चारचौघांत?" हुप्पेराव म्हणाले. "आणि आता पिलंच व्हायची नाहीत, तर त्याचं काम काय?"

"काम तुमच्याही अंगात चालू आहे, भाऊ. नरातही ते थोडं असतं. तुमची हाडंसुद्धा त्याच्यामुळेच टिकलीत."

हुप्पेरावांनी हळूच स्वतःचा गुडघा चाचपला.

लगेच हाडं तपासायचं यंत्र आलं. आधी हुप्पेरावांची तपासणी झाली. मग त्यांच्या भावांची, मग मेहुण्यांची. चांगुणाचा नंबर येईपर्यंत पाणी आटलं. संयमाने रांगेत उभी राहिली म्हणून तिला आणखी एक शाल मिळाली.

टोळी उड्या मारून पलीकडे गेली. अलीकडे चांगुणा उरली, आणि तिच्या वयाच्या सगळ्या जणी. प्रत्येकीच्या खांद्यावर शाल. उडी न येणारी डॉक्टरीणही मागेच राहिली.

"काय गं, तुलाही आग होते?" चांगुणाने शेजारणीला विचारलं.

"कधीपासूनची! मला वाटलं, माझ्या एकटीचीच होते."

"मग ही शाल पांघरून काय बसलीस? काढ!"

शालींना शाली बांधल्या, एक टोक अलीकडच्या झाडाला बांधलं. चांगुणाची लेक उडी मारून परत आली आणि तिने दुसरं टोक नेऊन पलीकडच्या वडाला बांधलं. एकेक जण लोंबकळत निघाली. सगळ्यांत पुढे चांगुणा. मोडका हात पोटाशी, डॉक्टरीण पाठीवर.

हुप्पेरावांनी पलीकडून पाहिलं. "बघा!" ते मेहुण्यांना म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, शालीने गुण येतो म्हणून?"

मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : पाळी गेल्यावर बाईला तपासणी नको, औषध नको; शाल पुरते. फक्त देण्याआधी ती दोन्ही हातांनी ओढून पाहावी. पुढे बाईला त्याच शालीला लोंबकळायचं असतं.