नजरेसमोरची जागा

आमचे घरमालक गणूतात्या यांच्या खिडकीला दोन उभ्या आणि दोन आडव्या सुतळ्या बांधलेल्या आहेत. बिरवाडीत नव्याने खोली बघायला आलेल्याला वाटतं, माकडांचा बंदोबस्त असेल. तसं नाही. मुलाने मुंबईहून मोबाईल पाठवला, त्यावर तात्या फोटो काढायला शिकले. चित्राचे नऊ चौकोन पाडायचे आणि माणूस मधल्यात घ्यायचा नाही, हे त्यांना कळलं. तेव्हापासून दिवसभर सुतळ्यांमधून रस्ता बघत बसतात. मी कारखान्यातून आलो की सांगतात, "आज यष्टी कडंच्या चौकोनात झ्याक आली व्हती!" हे सांगायला घरात दुसरं कुणी नाही.

"मधी नको, कडंला! नि नजरंसमोर जागा सोड," हा त्यांचा मंत्र. लग्नासाठी माझा फोटो हवा होता. तात्यांनी मला महाडला चवदार तळ्यावर नेलं, एका कडेला उभं केलं आणि पाण्याकडे बघायला लावलं. मुलीकडून निरोप आला, "तळं पसंत आहे. मुलगा दिसला नाही." मी चिडलो, तर तात्या म्हणाले, "तुला मधी घेतला असता, तर तू बघतोस कुठं ह्ये कसं कळलं असतं रे?"

स्वतःचा फोटो मात्र त्यांना जमेना. "हात आखूड पडतो. सगळं नाकच येतं, जागाच उरत नाय."

एका रविवारी त्यांनी मला अंगणात बोलावलं. इस्त्रीचा सदरा, टोपी, आणि माझ्या पायांसाठी जमिनीवर खडूची खूण. "मला उजव्या कडंला घे. मी तुझ्या डाव्या हाताकडं बघतो."

फोटो फ्रेम करून आणला, तेव्हा त्यांनी मला आत नेलं. भिंतीवर तात्यांच्या बायकोचा, काकींचा, हार घातलेला फोटो होता. काकी उजवीकडे बघत होत्या. तिकडे कोरी भिंत आणि एक नवा खिळा.

"आठ वर्सं एकटी भिंतीकडं बघत्येय," तात्या म्हणाले. "माझ्या माघारी पोरगा मिळंल तो फोटो लावंल, समोर बघणारा. म्हणून आधीच करून ठेवला."

मी म्हटलं, "तात्या, जित्या माणसाचा फोटो हाराशेजारी लावत नाहीत."

"लावू नको. नुस्ता धर. बघू दे जमतंय का."

मी फ्रेम खिळ्यापाशी धरली. तात्या समोर खाटेवर बसले.

"आनखी जवळ घे."

"आणि नजरेसमोरची जागा?"

"हितं नको जागा."

मी सरकवत गेलो, दोन्ही फ्रेमच्या कडा टेकल्या. माझे हात भरून आले, तरी तात्या काही पुरे म्हणेनात.