महादेवरावांचं प्रस्थान

महादेवराव मापारी स्वतःच्या घरात, दाराआड बसून, स्वतःच्याच आवाजात सांगत, "महादेवराव घरी नाहीत. कारंज्याले गेले."

बाहेरचा माणूस नवा असला तर विचारी, कधी येतील. आतून उत्तर येई, "मंगळवारी. आज कारंजा, उद्या वाशीम, परवा पुसद, मंग माहूर. येता येता अकोल्याले राजराजेश्वराचं दर्शन. निरोप असंन तर बाईपाशी ठेवा."

बाई म्हणजे त्यांच्या पत्नी यमुनाकाकू. त्या ओसरीवर वाती वळत बसलेल्या असत. मान वर न करता म्हणत, "गेले ते."

अमरावतीला आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लावून होती. मी शाळामास्तर, ते कापसाच्या बाजारात मापं मोजणारे मापारी. चैत्रात कापूस संपला की त्यांना माहूरचे वेध लागत. पण आखणी संक्रांतीपासूनच सुरू होई. मोटर स्टँडवर जाऊन ते ड्रायव्हर लोकांना रस्त्याचं वळणन् वळण विचारून येत. शिदोरी, पाण्याची सुरई, देवीचा खण, सगळं तराजूत घालून वजनं कागदावर लिहीत. त्या कागदात मंगरूळच्या अलीकडे टायर फुटण्यासाठी अर्धा तास राखून ठेवलेला असे. मी एकदा हसलो तेव्हा ते म्हणाले, "हसू नका मास्तर. फुटतेच तो. न फुटला तर अर्धा तास आराम."

मग मुहूर्तावर ते प्रस्थान ठेवायला आमच्याकडे येत. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे, निघण्याच्या आदल्या दिवशी, तांदूळ, हळकुंड आणि सुपारी फडक्यात बांधून ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पुरचुंडी उंबऱ्याबाहेर पडली की प्रवास सुरू झाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी ती सोडून, सगळं जागेवर आहे ना ते पाहून, बरोबर घेऊन निघायचं. माहूर दक्षिणेला, आमचं घर त्यांच्या दक्षिणेला. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून ते फार जपत.

आणि दरवर्षी दुसऱ्या दिवशी काकू म्हणत, "मी नाही येत."

त्यांना उशिरा मुलगा झाला होता. पाच वर्षांचा झाला की त्याला माहूरच्या गडावर आणू, रेणुकेला विडा देऊ, असा दोघांचा नवस. पाचवं लागायच्या आत पोर तापानं गेलं. काकू म्हणत, तिनं दिलं, तिनं नेलं, आता रिकाम्या ओटीनं तिच्यापुढे काहून जाऊ. महादेवराव म्हणत, बोललो ते फेडा लागते. पण ते बायकोला ओढून नेत नसत, आणि नवस दोघांचा म्हणून एकटेही जात नसत. प्रस्थान मात्र झालेलं. निघालेल्या माणसानं परत फिरू नये. म्हणून ते सात दिवस घरातच प्रवास करत.

काकू त्या दिवसांत एकाचंच ताट वाढत. ते कोपऱ्यात बसून शिदोरी खात. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी टायर फुटे, आणि ते अर्धा तास अवाक्षर न बोलता भिंतीशी बसून राहत. चौथ्या दिवशी गड. आमच्या सामाईक भिंतीतून माळ्याच्या शिडीवर चढणारी पावलं ऐकू येत, आणि मापाऱ्याचा तो सूर. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार... शिडीला नऊ पायऱ्या होत्या. मोजणी दुपार कलेपर्यंत चालू असे, आणि आवाज वरवर, लांबलांब जात असे.

गल्लीनं त्यांची फार थट्टा केली. मीही केली. मग एका चैत्रात अकोल्याहून माझी मेव्हणी आली. माहूर करून आली होती. बोलता बोलता म्हणाली, तुमचे शेजारी भेटले गडावर. मला भोवळ आली तर त्यांनी सुरईतलं पाणी दिलं. मी वार विचारला. तिनं सांगितला. त्या दिवशी मी भिंतीला कान लावून त्यांची मोजणी ऐकली होती. मंगळवारी महादेवरावांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या धोतराच्या काठाला तांबडी, मुरमाची धूळ होती. आमच्या गावची माती काळी. त्यानंतर मी हसलो नाही.

माझी मुलगी कुसुम पाच वर्षांची झाली ते साल मला विसरता येत नाही. ती आमच्यापेक्षा त्यांच्याच घरात असे, दुपारी काकूंच्या मांडीवर झोपे. त्या चैत्रात काकू स्वतः आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "कुसीले संगं देता काय, मास्तर? पोरगी घेऊन गेली तर जाता येईन मले."

मी हो म्हणालो. महादेवरावांनी पुरचुंडी आणून आमच्या देव्हाऱ्यात ठेवली. खरीखुरी मोटर ठरवली होती.

मला पानाचं व्यसन. त्या संध्याकाळी जेवण झालं आणि घरात सुपारी नव्हती. देव्हाऱ्यात पुरचुंडी होती, तिच्यातली सुपारी देवीच्या विड्यासाठी. मी गाठ सोडली, सुपारी काढून घेतली आणि गाठ पुन्हा मारली. सकाळी दुकान उघडलं की दुसरी ठेवू, असा विचार केला. खाताना अपराधीसुद्धा वाटलं नाही, हे लिहून ठेवतो.

मोटर दुकान उघडायच्या आधी आली. कुसुम आत जाऊन बसली. काकूंनी पुरचुंडी सोडली. बोटांनी तांदूळ चाळले. पुन्हा चाळले. मग शांतपणे म्हणाल्या, "तिले आपला विडा नको."

महादेवराव म्हणाले, "मीच टाकाले विसरलो असंन."

"तुमी वजन करून बांधता. तुमी विसरत नाही."

काकूंनी कुसुमला मोटरीतून उतरवून घेतलं. मी तिथेच उभा होतो, ओठ अजून लाल. महादेवरावांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जा बाबू. आमचं राह्यलं."

मी ओठ पुसले. पुढे माझी अकोल्याला बदली झाली, आणि दोन वर्षांनी काकू वारल्या. त्या गडावर कधी गेल्याच नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कुसुमला घेऊन मी अमरावतीला गेलो. दुपारची वेळ होती. पोरगी चटईवर आडवी झाली आणि लगेच झोपली. तेव्हा मी महादेवरावांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मले त्याच सकाळी समजलं होतं, मास्तर."

"मग काकूंना का नाही सांगितलं? त्या गेल्या असत्या."

"गेली असती. पण मंग तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला असता काय तिनं? गड काय, आहे तिथंच राहते. पोरगी दुपारची कोणाच्या मांडीवर झोपली असती?"

मी चटईकडे पाहिलं. कुसुम गाढ झोपली होती. तिचं डोकं चटईवर नीट टेकल्यासारखं दिसत नव्हतं. उशी कोणी दिली नव्हती, तरी ते मांडीएवढं वर होतं.

महादेवराव त्या डोक्याच्या जरा वर, रिकाम्या जागेकडे पाहत होते. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पाय आखडले असतीन तुहे. जराशी सरक, जागी नाही होत पोरगी."

कुसुम झोपेतच कुशीवर वळली.