शेवटच्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह

अम्मानमधल्या आमच्या डोंगरावरच्या वस्तीत कुठला व्हॉल्व्ह सगळ्यात महत्त्वाचा, हे छातीठोकपणे सांगू शकणारी मी एकटीच! बाळंतपणाची रजा संपवून पाणीखात्यात परतले आणि तेच गणित मांडत बसले. कुठला व्हॉल्व्ह बंद केला तर किती घरं कोरडी पडतील, त्यावरून क्रमवारी लावली. मोठ्या टाकीखालचा पहिला आला. मागच्या गल्लीतला एक बापडा शेवटचा; त्याच्यावर अवघं एक घर!

"खरंच बंद करून बघायचं?" आमचे साहेब, इंजिनियर फव्वाझ, यांनी विचारलं.

"शेवटचा करू. कुणाला पत्ताही लागणार नाही," मी म्हटलं.

दिवसही मुद्दाम पाण्याचा निवडला. आठवड्यातून एकदाच नळ येतो, तेव्हाच गच्चीवरची टाकी भरायची, तेव्हाच गालिचे धुवायचे. माझ्या लेकीला, दीमाला, सासूबाई सांभाळतात म्हणून माझी नोकरी. त्यांची अट एकच: पाण्याच्या दिवशी त्यांना कुणी छळायचं नाही.

व्हॉल्व्ह बंद झाला. संगणकाच्या पडद्यावर एकच ठिपका लाल! मी टाळ्या पिटते न पिटते तोच सासूबाईंचा फोन.

"नळ गेला. टाकी खडखडीत. गालिचे साबणात, माझं डोकं साबणात, तुझी लेकही साबणात."

माझं धाबंच दणाणलं. आमच्या घराचं दार मोठ्या रस्त्यावर, म्हणून मी खुशाल धरून चालले होते की पाणीही तिकडूनच येतं. ते येत होतं मागच्या गल्लीतून! खात्याच्या माणसांना व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं, तर कळलं की दांडाच मोडून हातात आलाय. बिनमहत्त्वाच्या व्हॉल्व्हला वर्षानुवर्षं तेल घालतो कोण?

साहेबांना घेऊन धावत गेले. गच्चीवर सासूबाई फेसाचा मुकुट घालून उभ्या. शेजारणींनी आपापल्या गच्च्यांवरून इतक्या नळ्या सोडलेल्या, की आमची टाकी अतिदक्षता विभागातल्या पेशंटसारखी दिसत होती! घंगाळात माझं पिल्लू मात्र फेसाला टाळ्या देत खिदळत होतं.

सासूबाई साहेबांना म्हणाल्या, "ज्या गाढवानं बंद केलं त्याला सांगा, आजपासून आपली पोरं आपणच सांभाळ."

साहेब बुटांकडे बघू लागले.

"मीच ती," मी म्हटलं.

साहेबांना माझी दया आली असावी. या घराचं पाणी तोडलं तर नुकसान सगळ्यात कमी, असं ते समजावू लागले. आगीत तेल!

"उम्म दीमा, माझं घर शेवटचं?" सासूबाईंनी मला 'दीमाची आई' म्हणून दरडावलं.

"चुकलंच," मी घाईघाईनं म्हटलं. "तुमचं पाणी थांबलं की दीमा माझ्याकडे. दीमा माझ्याकडे की माझं काम बंद. मग वस्तीतले सगळेच व्हॉल्व्ह वाऱ्यावर."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. सासूबाईंनी डोळ्यांवरचा फेस पुसला.

"मग लाव पहिला नंबर. आणि तेल घालत जा."

नोकरी वाचली! नवा व्हॉल्व्ह बसला, क्रमवारीत पहिलाही आला. दर पाण्याच्या दिवशी सकाळी त्याला तेल घालायला मीच जाते. दीमाला कडेवर घेऊन, कारण सासूबाईंनी अट बदललीय: पाण्याच्या दिवशी आपली पोर आपणच सांभाळायची.